पाऱ्याचा सेल आणि जुने कॅमेरे

पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चामड्याच्या पेटीत घालून ठेवलेला एक जुना कॅमेरा असतो. आजोबांनी मुंबईहून आणलेला, नाहीतर आखातातून आलेल्या कुणा मामाने भेट दिलेला. कित्येक शाळांच्या विज्ञानाच्या कपाटातही असा एखादा सापडतो. तो उलटा केला की तळाशी एक गोल झाकण दिसते आणि त्या झाकणाला नाण्याने फिरवता येईल अशी खाच असते. ते उघडावे तर आत कोटाच्या बटणाएवढी एक चकती निघते. ती घेऊन घड्याळजीकडे जावे. तो खण उघडतो आणि म्हणतो, "हा आता मिळत नाही. पण हा लावून बघा, बसेल." आणि बसतोही! कॅमेऱ्यातला काटा हलतो, घरात आनंद होतो, हौसेने रोल आणला जातो, बारशाचे फोटो निघतात. रोल धुऊन आला की पाहावे तर सगळे फोटो काळपट आणि मळकट, चेहरे धड ओळखू येत नाहीत. मग कुणी कॅमेऱ्याला बोल लावतो, कुणी रोलला, तर कुणी फोटो काढणाऱ्या भाच्याला.

बहुतेक वेळा दोष ह्यांपैकी कुणाचाच नसतो. घड्याळजीने दिलेला सेल मापाने बरोबर असला तरी त्याचा स्वभाव वेगळा असतो. ज्या सेलवर भरवसा ठेवून तो कॅमेरा घडवला गेला, तो सेल जगाच्या बाजारातून कधीच उठला आहे. तो काय होता आणि का उठला हे कळले म्हणजे त्याच्या जागी कोणता घ्यावा हे आपोआप कळते. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो आणि मग निवडीकडे वळतो.

कॅमेऱ्याला सेलची गरज तशी फार उशिरा पडली. आपल्याकडे बडोद्याला तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री पुष्कळांना आठवत असेल. त्यात सेल नव्हता आणि प्रकाश मोजायचे साधनही नव्हते. ऊन आहे की ढग आहे एवढे पाहायचे आणि चाप दाबायचा. महागड्या कॅमेऱ्यांना १९३० नंतर प्रकाशमापक जोडले जाऊ लागले, पण त्यांनाही सेल लागत नसे. सेलेनियम नावाच्या मूलद्रव्यावर प्रकाश पडला की थोडीशी वीज आपोआप निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर काटा हले. ऑलिंपसचा ट्रिप ३५ हा कॅमेरा १९८४ पर्यंत ह्याच तत्त्वावर तयार होत होता. ज्यांच्याकडे तो असेल त्यांना आजच्या भाषणाची गरज नाही. ते भाग्यवान आहेत.

सेलेनियमची अडचण अशी की संध्याकाळच्या किंवा घरातल्या मंद उजेडात ते जवळजवळ मुके होते. शिवाय त्याला खिडकी मोठी लागते; भिंगातून आत आलेला तेवढाच प्रकाश मोजायचा तर ते उपयोगाचे नाही. म्हणून १९६० च्या आसपास कॅमेरे बनवणारे कॅडमियम सल्फाइडकडे वळले. ह्याचा तुकडा डाळीच्या दाण्याएवढा असला तरी चालतो आणि तो मंद प्रकाशालाही दाद देतो. फक्त एक गोष्ट आहे. तो स्वतः वीज निर्माण करीत नाही. प्रकाश पडला की तो विजेला वाट मोकळी करून देतो आणि अंधार झाला की वाट अडवतो. शेताच्या पाटाला जसे दार असते तसे हे विजेच्या वाटेवरचे दार समजा. प्रकाश जितका अधिक, तितके दार अधिक उघडे.

आता पाहा, दारातून किती पाणी जाईल हे दोन गोष्टींवर ठरते. दार किती उघडले आहे ही एक, आणि मागून पाण्याचा रेटा किती आहे ही दुसरी. कॅमेऱ्याच्या काट्याला ह्या दोहोंतला फरक समजत नाही. मागचा रेटा वाढला तरी तो समजतो की दारच जास्त उघडले, म्हणजे ऊन वाढले. तेव्हा काट्याने खरे सांगावे असे वाटत असेल, तर सेलचा रेटा पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच शेवटच्या दिवशीही राहिला पाहिजे. साधा सेल हे करू शकत नाही. टॉर्चचा उजेड सेल जुना होईल तसा पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबूस होत जातो, हे रात्री राखणीला जाणाऱ्याला सांगायला नको. तळाला भोक पडलेल्या रांजणासारखी त्याची गत असते. पातळी उतरत जाते तशी धारही लेचीपेची होत जाते.

एकसारख्या रेट्याचा सेल जगाला मिळाला तो मात्र कॅमेऱ्यासाठी म्हणून मिळाला नाही, लढाईसाठी मिळाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैन्य उष्ण आणि दमट मुलखांत लढत होते. तिथे बिनतारी यंत्रांचे नेहमीचे सेल पेटीतच खराब होऊन जात. सॅम्युएल रूबेन नावाच्या संशोधकाने १९४२ च्या सुमारास ह्यावर तोड काढली. हे गृहस्थ महाविद्यालयाची पदवी न घेतलेले, स्वतःच्या अभ्यासाने तयार झालेले. जस्त आणि पाऱ्याचे ऑक्साइड ह्यांची जोडी लावून सेल करावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच कुणाला तरी सुचली होती. पण तो टिकाऊ आणि हवाबंद करून दाखवला तो रूबेननी. मॅलरी ह्या कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर तयार केला. हीच कंपनी पुढे ड्युरासेल ह्या नावाने घरोघर पोचली.

ह्या सेलची करामत कशात होती? जस्त हे पाऱ्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेते, आणि मागे उरतो तो शुद्ध पारा. पारा म्हणजे धातू. विजेला तो अडवत नाही, उलट वाट देतो. दोहोंच्या मध्ये जो दाहक क्षार असतो तो ह्या देवघेवीत खर्ची पडत नाही. त्यामुळे सेल निम्मा संपला तरी आतली परिस्थिती जवळपास पहिल्यासारखीच राहते. १.३५ व्होल्ट म्हणजे १.३५ व्होल्ट. महिनोन्महिने तो तेवढाच दाब देत राहतो आणि आयुष्य संपले की एकदम खाली येतो, मोटेचे बैल सोडले की पाणी थांबावे तसा.

लढाई संपल्यावर ह्या इमानी सेलला गिऱ्हाइकांची वाण पडली नाही. कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रात तो गेला. अमेरिकेत १९६० साली चारडॅक आणि ग्रेटबॅच ह्यांनी हृदयाचे ठोके चालू ठेवणारे यंत्र रुग्णाच्या शरीरात बसवले, त्यातही पाऱ्याचेच सेल होते. त्याच वर्षी निघालेले ब्युलोव्हा कंपनीचे ॲक्युट्रॉन घड्याळही ह्याच सेलवर चाले. आणि मग आले कॅमेरे. जपानचा मिनोल्टा एसआर-टी १०१ आणि जर्मनीचा चिमुकला रोलाय ३५ हे दोन्ही १९६६ चे. कॅनन एफटीबी १९७१ चा. पुढच्या वर्षी निघालेला ऑलिंपस ओएम-१, कॅननचे कॅनोनेट, निकॉरमॅट, हे सारे एकाच प्रकारच्या सेलवर बसवले गेले. त्या सेलला पीएक्स ६२५ म्हणत. हाच सेल एमआर ९ ह्या नावानेही विकला जाई.

अभियंत्यांनी इथे काय केले ते नीट लक्षात घ्या, कारण आपल्या काळपट फोटोंचे मूळ इथेच आहे. दाब एकसारखा ठेवायला सर्किटमध्ये काही जास्तीचे भाग घालावे लागतात. त्यांना जागा लागते आणि पैसा लागतो. पण सेलच एकसारखा दाब देणारा असेल तर हा खर्च कशाला करा? त्यांनी तो केला नाही. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. हा सेल कधी मिळेनासा होईल असे १९६६ साली कुणाला वाटणार होते? ह्याला एक सन्मान्य अपवाद सांगितला पाहिजे. पेंटॅक्सचा १९६४ चा स्पॉटमॅटिक. त्यात प्रकाश मोजायची जोडणी तराजूसारखी आहे. दोन्ही पारड्यांत सारखीच भर पडली तर तराजूचा काटा हलत नाही. तशी त्या कॅमेऱ्यात सेलचा दाब थोडा कमीजास्त झाला तरी दोन्ही बाजूंना सारखाच होतो आणि मोजणी बिघडत नाही.

आता ह्या कथेची दुसरी बाजू. ज्या जपानात हे कॅमेरे तयार होत होते, त्याच जपानात क्युशू बेटावर मिनामाता नावाचे मासेमारीचे गाव आहे. तिथल्या चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याचे सांडपाणी १९३२ पासून समुद्रात सोडले जात होते. त्या पाण्यातून पाऱ्याचे एक विषारी संयुग माशांत गेले आणि माशांतून माणसांत गेले. मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली. माणसांचे हातपाय वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, नजर आकसली. आई वरून धडधाकट दिसे, पण तिच्या पोटी जन्मलेले मूल पांगळे निघे. १ मे १९५६ रोजी ह्या रोगाची सरकारदरबारी पहिली नोंद झाली. कारण तो कारखानाच आहे, हे सरकारने स्पष्ट शब्दांत मान्य करायला मात्र १९६८ साल उजाडावे लागले. दोन हजारांहून अधिक माणसे ह्या रोगाची रुग्ण म्हणून अधिकृतपणे नोंदली गेली आहेत. न नोंदलेल्यांचा वाद अनेक दशके न्यायालयांत चालत राहिला.

मिनामाताचा पारा सेलमधला नव्हता, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. नाहीतर उगीच गैरसमज व्हायचा. पण पारा म्हणजे काय चीज आहे हे जगाला पटले ते मिनामातामुळे, आणि पटवून देण्यात छायाचित्रांचा वाटा फार मोठा होता. यूजीन स्मिथ हे अमेरिकन छायाचित्रकार आणि त्यांच्या पत्नी आयलीन १९७१ पासून तीन वर्षे त्या गावात राहिले. रुग्णांच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल स्मिथ ह्यांनी मारही खाल्ला आणि त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांच्या हातात मिनोल्टा एसआर-टी १०१ हा कॅमेरा असे. पाऱ्याने पांगळी झालेली माणसे ज्या कॅमेऱ्याने टिपली गेली, त्याच्या तळाशीही पाऱ्याचाच सेल बसत होता.

त्या बटणाएवढ्या सेलच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा पारा असे. एकेक सेल म्हटले तर क्षुल्लक. पण श्रवणयंत्रे, घड्याळे आणि कॅमेरे ह्यांतून लाखो सेल कचऱ्यात जाऊ लागले. शहरांचा कचरा भट्टीत जाळला की पारा वाफ होऊन हवेत जातो. कचरा पुरला तर तो हळूहळू मातीत आणि पाण्यात उतरतो. मग एकेका देशाने दार बंद केले. जपानमध्ये पाऱ्याच्या सेलचे उत्पादन १९९५ मध्ये थांबले. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने त्यांची विक्री बंद केली. युरोपनेही त्याच दशकात पावले उचलली. पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली जपानात झाला आणि त्याला मिनामाताचेच नाव देण्यात आले. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. कॅमेऱ्याच्या हौसेपायी हा सेल परत आणावा असे म्हणणारे लोक अधूनमधून भेटतात. मला त्यांचे म्हणणे कधीच पटलेले नाही.

असो. कॅमेरा मात्र मागे राहिला आहे, आणि त्याचे शटर अजून घड्याळासारखे चालते. त्यात घालायचे काय?

इथे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी सेलवरची रोमन अक्षरे वाचायला शिकावे आणि मुलांनाही शिकवावे, कारण सगळी मेख तिथे आहे. बाजारात एल्आर ४४, एसआर ४४ आणि पीआर ४४ असे तीन सेल मिळतात. तिन्हींची रुंदी ११.६ मिलिमीटर, उंची ५.४ मिलिमीटर. डोळे मिटून हातात घेतले तर ओळखता येणार नाहीत. शेवटचा ४४ हा आकडा मापाचा आहे आणि 'आर' म्हणजे गोल. स्वभाव सांगते ते पहिले अक्षर. 'एल' म्हणजे अल्कलाइन, 'एस' म्हणजे चांदीच्या ऑक्साइडचा, 'पी' म्हणजे जस्त आणि हवा ह्यांवर चालणारा. आणि जुन्या सेलवर 'एम' दिसला तर तो पाऱ्याचा.

अल्कलाइन सेल सर्वांत स्वस्त. खेळण्यांत, गणकयंत्रांत तोच असतो. नवा असताना तो दीड व्होल्टच्या थोडा वरच असतो आणि वापराबरोबर सारखा उतरत जातो. म्हणजे हा आपला तळाला भोक पडलेला रांजण. आता १.३५ आणि १.५ ह्यांतला फरक पाहा: नऊ आण्यांच्या जागी दहा आणे झाले. काटा समजतो की ऊन वाढले, तो तुम्हाला भिंगाचे छिद्र लहान करायला सांगतो, फिल्मवर प्रकाश कमी पडतो आणि फोटो काळवंडतो. चूक कितीची होईल हे कॅमेऱ्यागणिक आणि उजेडागणिक वेगळे असते. पुष्कळदा एक पायरी, कधी कधी दोन. छायाचित्रणात एक पायरी म्हणजे प्रकाश निम्म्यावर येणे, तेव्हा ही चूक लहान समजू नका. दुकानात पीएक्स ६२५ च्याच मापाचा, त्याच आकाराचा अल्कलाइन सेल एल्आर ९ म्हणून मिळतो. झाकणाखाली तो इतका फिट्ट बसतो की माणूस निर्धास्त होतो. माझ्या मते हीच सर्वांत वाईट निवड. चूक ठरावीक असती तर तेवढी वजा करून काम भागले असते. पण ह्या सेलची चूक दर महिन्याला बदलते.

चांदीचा सेल हा कुलीन. तो १.५५ व्होल्टवर स्थिर राहतो आणि बराच काळ टिकतो. स्थिर आहे, पण चढा आहे. त्याला खाली आणायची युक्ती अशी की पितळेच्या एका कडीत डायोड नावाचा बारीकसा भाग बसवतात. तो सुमारे दोन दशांश व्होल्ट खाऊन टाकतो. ह्या कडीत चांदीचा लहान सेल ठेवला की बाहेरून ती पीएक्स ६२५ च्या मापाची होते. अशा कड्या तयार मिळतात. एकदाच खर्च होतो, पुढे फक्त सेल बदलायचा. ज्यांचा कॅमेरा वर्षातून दोनतीनदा सणासमारंभाला बाहेर निघतो त्यांना हीच सोय उत्तम. दुसरा मार्ग म्हणजे जाणत्या कारागिराकडून प्रकाशमापकच दीड व्होल्टला लावून घेणे. मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारात कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. तिथे चौकशी केली तर असा कारागीर भेटण्याचा संभव आहे.

राहिला हवेवरचा सेल. हा श्रवणयंत्राचा सेल. त्याचे दुकानी नाव ६७५ आणि त्याच्यावरची चिकटपट्टी निळी असते. पाकीट घेताना निळा रंग पाहून घ्या, कारण नारिंगी आणि तपकिरी पट्टीचे सेल मापाने लहान असतात. निळी पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. पट्टी काढून पाच मिनिटे तसाच ठेवावा, मग बसवावा. पुढे तो १.३५ च्या आसपास स्थिरावतो. पाऱ्याच्या सेलच्या स्वभावाला सर्वांत जवळचा हाच, आणि किमतीलाही हलका. त्याची खोड एकच: एकदा जागा झाला की पुन्हा झोपत नाही. कॅमेरा वापरा की न वापरा, काही आठवड्यांत किंवा फार तर दोनतीन महिन्यांत तो संपतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आतला ओलावा उडून जातो, तर कोकणच्या पावसाळ्यात बाहेरची ओल आत शिरते. दोन्ही त्याला मानवत नाहीत. तरी शाळेच्या सहलीसाठी किंवा लग्नसराईत चारपाच रोल काढायचे असतील तर मी हाच घेईन.

हा सेल पीएक्स ६२५ पेक्षा अरुंद आहे, त्यामुळे खोबणीत हलतो. हार्डवेअरच्या दुकानातला रबरी वायसर भोवती घातला की बसतो. पण काही कॅमेऱ्यांत सेलच्या कडेचा स्पर्श लागतो; तिथे रबर चालत नाही, पितळी कडी लागते. ती कडी सेलच्या दोन्ही टोकांना एकदम टेकणार नाही एवढी काळजी घ्या, आणि वरची भोके झाकू नका.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, "कॅमेऱ्यात सेल तपासायची खूण असते, तीवर काटा येतो. मग झाले तर!" ती खूण सेल मेलेला नाही एवढेच सांगते. दाब जास्त असला तरी काटा खुणेच्या पलीकडे सुखाने जातो. खरी परीक्षा उन्हात करावी. निरभ्र दुपारी, १०० वेगाची फिल्म लावली आहे असे कॅमेऱ्यावर ठेवून, शटर १/१२५ ला लावावे आणि उन्हातल्या हिरव्या गवताकडे कॅमेरा धरावा. काट्याने छिद्र १६ च्या आसपास सांगितले पाहिजे. २२ किंवा त्याहून लहान सांगू लागला तर तो उन्हाला फुगवून सांगतो आहे असे समजा. मग हाच प्रयोग झाडाच्या सावलीत दुसऱ्या चांगल्या कॅमेऱ्याशी ताडून पाहावा, कारण उन्हातली चूक आणि सावलीतली चूक सारखी असेलच असे नाही. शाळेत व्होल्टमीटर असेल तर तिन्ही प्रकारचे सेल मोजून दाखवता येतील. निळी पट्टी लावलेला आणि पट्टी काढून पाच मिनिटे झालेला, असा ६७५ दोनदा मोजला तर मुलांना हवेचे काम डोळ्यांनी दिसेल.

वर सांगितलेली ही सारी पंचाईत १९७५ च्या आधीच्या कॅमेऱ्यांची आहे. पुढच्या पिढीतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांनी पाऱ्याचा नाद सोडला. पेंटॅक्स के १००० हा १९७६ चा, निकॉन एफएम १९७७ चा. ह्यांत ४४ मापाचे सेल बसतात. इथे डायोडची भानगड नाही. चांदीचा एसआर ४४ घालावा, काही कंपन्या त्यालाच ३५७ म्हणतात. अल्कलाइनवरही काम चालते, पण मी चांदीचाच घेईन. ह्यांत ६७५ मात्र घालू नये. मापाने बसला तरी त्याचा दाब कमी पडतो. कॅनन एई-१ ला सहा व्होल्टचा उभा सेल लागतो, आणि त्याच्याशिवाय त्याचे शटर उघडतच नाही. असे कित्येक कॅमेरे निव्वळ सेल संपला म्हणून "बिघडले" ठरून अडगळीत गेले असतील. भंगारात देण्यापूर्वी एक सेल घालून बघा. याशिका इलेक्ट्रो ३५ ची गोष्ट ह्या दोहोंच्या मधली: त्याला पाऱ्याचा ५.६ व्होल्टचा सेल लागे. पण त्याची रचना सोशिक आहे. सहा व्होल्टचा सेल एखाद्या नळीत घालून बसवला तर तो बहुधा तक्रार करीत नाही.

आणि समजा, ह्यांतला एकही सेल तालुक्याच्या गावी मिळाला नाही, तरी ओएम-१, स्पॉटमॅटिक, के १००० आणि एफएम ह्यांचे शटर निव्वळ यंत्रावर चालते. सेल फक्त काट्यापुरता. पूर्वी फिल्मच्या खोक्यात एक चिठ्ठी येत असे, तिच्यावरचा हिशेब आजही खरा आहे. लख्ख ऊन असेल तर छिद्र १६, आणि शटर फिल्मच्या वेगाइतके; १०० ची फिल्म असेल तर १/१२५. विरळ ढग आले की छिद्र ११, पुरते ढगाळ झाले की ८, मोकळ्या सावलीत ५.६ किंवा ४. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहज पचवते, कमी प्रकाश पचवत नाही. म्हणून मनात शंका असेल तेव्हा छिद्र एक पायरी मोठे ठेवावे.

शेवटी जपणुकीचे दोन शब्द. कॅमेरा महिनाभर ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल पाझरतो आणि त्याचा क्षार पितळी पट्ट्या खातो. पांढरा थर आला असेल तर काडीला कापूस गुंडाळून, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसावे, मग कोरड्या कापसाने पुसावे. कोणताही बटण सेल लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. तो घशात अडकला तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढत बसू नये, वाट पाहू नये, थेट मोठ्या इस्पितळात न्यावे.

आणि कपाटातल्या त्या कॅमेऱ्यातून पाऱ्याचा जुना सेल निघालाच, तर तो खरवडू नका, फोडू नका, उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकू नका. जळत्या सेलमधून निघणारी पाऱ्याची वाफ श्वासावाटे सरळ अंगात जाते. आपल्या देशात २०२२ साली झालेल्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांचा कचरा वेगळा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि शहरांतून त्यासाठी संकलनाची केंद्रे असतात. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत तो सेल ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'पारा' असे लिहा, ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि जिल्ह्याच्या गावी जाणारा कुणी भेटला की त्याच्याबरोबर तिकडे पाठवून द्या.